एकोणीस नंबरचं कोण लिहिणार

४ जानेवारी

वहिनींना सादर नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही. पशुवैद्यकाच्या वर्गात आम्ही एकोणीस जण होतो. तुमचे यजमान अठरा नंबर, मी एकोणीस, शेवटचा. ऑक्टोबरात ते गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला यायला हवं होतं, आलो नाही. माफ करा.

लिहिण्याचं कारण असं. विद्यापीठ दरवर्षी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची एक पुस्तिका काढतं. काय शिकला, कुठे नोकरी केली, काय करून गेला, प्रत्येकी दोनशे शब्दांत. बाकीच्या वर्गांचं काम कचेरीतली माणसं करतात. आमच्या वर्गाचा नियम वेगळा आहे. चिरफाडीच्या टेबलावर एक जण कापत असला की त्याच्या पुढच्या नंबराने जनावराचा पाय धरून उभं राहायचं. तेव्हाच ठरलं, ज्याने पाय धरला त्यानेच शेवटचं लिहायचं. सतरा नंबरचं तुमच्या यजमानांनी लिहिलं. त्यांचं मला लिहायचं आहे.

घरच्या माणसाला विचारल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हाही नियमच. मार्चअखेर मजकूर द्यायचा आहे. तुम्हाला जे आठवेल ते सवडीने कळवा.

आपला,
एकोणीस नंबर


११ जानेवारी

एकोणीस नंबर भावजींना नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, आजी, विद्यापीठाचं पाकीट आहे, परीक्षेला बसताय की काय. म्हटलं, बसेन की, तू पास होणार असशील तर मी का नाही. मी चौथीपर्यंत शिकले आणि चौथीतही निम्मे दिवस धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या बाहेर उभी. नात म्हणाली, तू बोल, मी कॉम्प्युटरवर लिहून देते. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे, तिची बोटं भराभर चालतात. पण म्हटलं नको. माझं बोलणं तुझ्या हाती गेलं की त्याला इस्त्री होते. तेव्हा अक्षर गोड मानून घ्या.

यांचं पुस्तकात छापून येणार हे वाचून मी दोन वेळा चष्मा पुसला. विद्यापीठाचं पुस्तक म्हणजे काय थोडकी गोष्ट आहे? सतरा नंबरचं यांनी लिहिलं तेव्हा तीन महिने घर डोक्यावर घेतलं होतं. सतरा नंबर म्हणजे ते हत्तीच्या दातदुखीवर औषध शोधणारे. मी म्हणायचे, अहो, गेलेल्या माणसाला काय घाई आहे. तर म्हणाले, ‘त्याला नाही, मला आहे.’ असे हे.

आता यांचं ऐका. पहिली नोकरी डोंगरातल्या दवाखान्यात, मेंढ्यांच्या मुलखात. तिथे तुम्हीही होतात म्हणे. मग गुरांच्या दवाखान्यात नऊ वर्षं, मग लस खात्यात, आणि शेवटी त्या खात्याचे संचालक. लसीच्या खोक्याचा दोन सह्यांचा नियम यांनीच आणला. खोका हलवायचा तर दोन माणसांनी झाकण तपासायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. खात्यातले लोक कुरकुरायचे, घरच्या माठाला पण दोन सह्या लागतात का साहेब. पण आज प्रत्येक दवाखान्यात तो नियम आहे. हे नक्की घाला.

घरीही तसेच होते. फ्रीजचं दार लागलंय का ते बघायला दिवसातून दहा वेळा उठायचे. जेवता जेवता उठायचे. मी म्हणायचे, आत काय सोनं ठेवलंय? दुधाचं पातेलं आणि चार लिंबं. हेही घाला वाटल्यास, लोकांना हसू येईल.

प्रमाणपत्रं बघायला मी यांची लोखंडी ट्रंक काढली. कडी मोडलेली, म्हणून एका चामड्याच्या पट्ट्याने बांधलेली असते. त्या पट्ट्याची पण गंमत आहे. आमची मुलगी, म्हणजे नातीची आई, जन्मली तेव्हा मी माहेरी, खालच्या शहरात. दवाखान्यात फोन गेला आणि हे मिळेल त्या गाडीने चार तासांत हजर. एका पायात चप्पल, एका पायात बूट, आणि हातात हा पट्टा. बाळंतपणाला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, लोक बाळंतिणीला काहीबाही खायला आणतात, हा पट्टा घेऊन आलाय, हिला मारायला की काय. सगळ्या बायका हसल्या. हे मात्र पट्ट्याकडे बघत राहिले, जणू दुसऱ्याच कोणाचा हात आहे.

आता एक सांगते, राग आला तर येऊ दे. तुमचा नंबर वाचून माझ्या कपाळाला आठी पडली. तुमच्यासाठी आमच्या घरात एक शब्द आहे. पहिलंच पत्र आहे म्हणून लिहीत नाही. पण तुम्ही यांचं लिहिणार म्हटल्यावर जरा डोळ्यांत तेल घालून बसावं लागेल मला. छापण्याआधी वाचायला पाठवा. मी हळू वाचते, पण एक अक्षर सोडत नाही.

यांची बायको


२० जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. फ्रीजची गोष्ट मला माहीत नव्हती.

मला वाटतं डोंगरातल्या दवाखान्याची दोन वर्षं आपण गाळावीत. दोनशे शब्दांत सगळं मावत नाही आणि त्यांचं खरं काम लस खात्यातलंच. तिथूनच सुरुवात करतो.

आणखी एक विनंती. विद्यापीठात जुन्या उपकरणांची एक खोली आहे. तो चामड्याचा पट्टा तुमच्या उपयोगाचा नसेल तर माझ्या पत्त्यावर पाठवाल का? ट्रंकेसाठी मी चांगला नवा पाठवतो.

एकोणीस नंबर

ता. क. त्या पट्ट्यावर पितळी बिल्ला आहे का, तेवढं कळवा.


२७ जानेवारी

भावजी,

आता मात्र मी तो शब्द लिहिते. आमच्या घरात तुम्हाला मेंढ्यामारू म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते. तुम्ही लसीच्या खोक्याचं झाकण उघडं टाकलंत, लस उन्हाने नासली, ती पाण्यासारखी लस तुम्ही टोचलीत आणि देवीचा रोग येऊन तीन कळप मेले. एकशे चाळीस मेंढ्या. एक मेंढपाळ म्हणे दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला तो रात्रीपर्यंत उठला नाही. चौकशी झाली, तुमची नोकरी गेली, आणि आमच्या यांना बिचाऱ्यांना त्यानंतरही सहा महिने कचेरीत खेटे घालावे लागले. हे मला शेजारच्या कंपाउंडरच्या बायकोने सांगितलं. यांनी कधी तोंड उघडलं नाही. मी जेवताना मेंढ्यामारूचं नाव काढलं की हे ताटावरून उठायचे. मित्र होतात ना. मित्राची लाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही माणसाला.

आणि आता तुम्हीच म्हणता ती दोन वर्षं गाळू या. का बरं? तुमचं पाप झाकायला यांची दोन वर्षं कशाला कापायची? उलट मला तर ती हवीच आहेत. तुमच्या हातून झालेलं यांनी निस्तरलं, उरलेल्या कळपांना पुन्हा लस टोचत महिनाभर डोंगर तुडवले. ते येऊ दे पुस्तकात.

दुसरं, पट्टा. सत्तेचाळीस वर्षांचा जुना पट्टा, त्याला विद्यापीठात कोण विचारतो? ताकाला जाऊन भांडं लपवू नये भावजी. आणि बिल्ला आहे की नाही हे तुम्हाला कशाला हवं? मी गेले, ट्रंक ओढली, बघितलं. आहे बिल्ला. घासून घासून काळा पडलाय, पण सात आकडा दिसतो. आता बोला.

नात म्हणते, आजी, तू पोलिसात हवी होतीस. म्हटलं, मला युनिफॉर्म मापाचा मिळाला नसता. पण खरं सांगते, तुमचं पाकीट आलं की मला हुरूप येतो. सगळ्या कामांच्या आधी चहा ठेवते, खुर्ची दारापाशी ओढते आणि एकेक ओळ दिव्यासमोर धरल्यासारखी वाचते, कुठे काय लपवलंय ते. चोराच्या मनात चांदणं. तुमच्या पत्रात तर नुसता उजेड पडलाय.

पट्टा मी देणार नाही.

यांची बायको


३ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. खोका माझ्या ताब्यात होता. चौकशीत मी तसं लिहून दिलं आहे आणि त्यावर माझी सही आहे. त्यात शोधण्यासारखं काही उरलेलं नाही.

पंधरा तारखेला तेरा नंबर तुमच्याकडे येणार आहेत. पुस्तिकेतले फोटो त्या काढतात. आमच्यातल्या आता तिघंच उरलो, सहा, तेरा आणि मी. बाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण त्यांची नजर तीक्ष्ण आहे आणि त्या डोंगरात आमच्यानंतर वर्षभर होत्या.

मी हात जोडून सांगतो, त्या येण्याआधी ट्रंक आतल्या खोलीत ठेवा. पट्टा मला द्यायचा नसेल तर फेकून द्या. कारण विचारू नका.

एकोणीस नंबर


९ मार्च

भावजी,

महिना उलटला. तुम्हाला वाटलं असेल म्हातारी रुसली. रुसले नव्हते, बसले होते.

सगळं नीट क्रमाने सांगते. तुम्ही म्हणालात ट्रंक आत ठेवा. तेव्हा मी ती पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, अगदी नाकासमोर मांडली. वर धुतलेलं कापडही घातलं नाही. म्हटलं, येऊ दे तेरा नंबर, होऊ दे पंचनामा.

बाई आल्या. केस पांढरे कापलेले, गळ्यात कॅमेरा, चाल कोंबड्यांच्या मागे धावणाऱ्या माणसाची. जन्म सगळा कुक्कुटपालनात गेला म्हणे. यांचा फोटो काढला, चष्म्याचा काढला, दोन सह्यांच्या नियमाचा कागद मी चौकट करून लावलाय त्याचा काढला. मग ट्रंकेकडे वळल्या आणि खालीच बसल्या.

‘अहो, हा तर बर्फाच्या खोक्याचा पट्टा.’

मी काही माहीत नसल्यासारखं केलं. ‘कसला खोका?’

‘लसीचा. झाकण पट्ट्याने आवळलं नाही तर ते नुसतं टेकून राहतं. बंद दिसतं, पण बंद नसतं. प्रत्येक खोक्याचा आकडा त्याच्या पट्ट्यावर असायचा.’ मग म्हणाल्या, ‘बर्फवाल्याचं सगळं त्या पट्ट्यावरच तर अडलं. आमचा एकोणीस नंबर हो, त्याला आम्ही तेव्हापासून बर्फवाला म्हणतो. चौकशीत विचारलं, एप्रिलातल्या त्या गुरुवारी लस आली, तेव्हा खोक्याचा पट्टा कुठे होता? तर म्हणे, माझ्याकडून हरवला. शेवटपर्यंत सापडला नाही. वर्गात सगळ्यांत हुशार मुलगा. पुढे जन्मभर कत्तलखान्यात मांसावर शिक्के मारत बसला.’

भावजी, मला काय आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, सापडला. मेंढ्यामारूचा पट्टा माझ्या घरात. म्हणूनच मागत होता. मी हात वर केला, तोंड उघडलं, आता म्हणणार, बाई, हाच तो, तुमच्या बर्फवाल्याने हरवलेला पट्टा, आमच्या ह्यांच्या हातात

आणि तिथे माझं वाक्य संपलं.

बाई म्हणाल्या, काय झालं? म्हटलं, चहा उतू जातोय. गॅसवर काही नव्हतं. आत गेले, ओट्याला धरून उभी राहिले. मुलगी झाली तो हाच गुरुवार. हे चार तासांत आले, म्हणजे दवाखान्यातून दुपारी निघाले. हातात पट्टा. मग तो पट्टा त्या दुपारी तुमच्याकडून हरवेल कसा? जो तुमच्याकडे नव्हताच तो तुम्ही हरवलात कसा?

बाहेर आले तर बाई बिल्ला घासून बघत होत्या. विचारलं, हा कुठून आला हो तुमच्याकडे? मी म्हटलं, जुन्या बाजारातून, ट्रंकेसाठी. तोंडावर म्हटलं. सत्तर वर्षांची बाई मी, सहज खोटं बोलले, तुमच्यासारखी.

त्या गेल्यावर मी संशय घ्यायला लागले तो थांबेचना. आधी तुमच्यावर घेत होते, त्यात मजा होती. आता यांच्यावर. ताटावरून उठायचे ते मित्राची लाज वाटून नाही. फ्रीजचं दार बघायचे ते दुधासाठी नाही. मुलीच्या वाढदिवसाला हे एकदाही घरी नसायचे, दौरा निघायचाच. मी म्हणायचे, तुमच्या खात्याला हाच दिवस बरा सापडतो. आणि तो पट्टा. यांनी तो कधी टाकला नाही, आणि मला त्याचं कारण कधी सांगितलं नाही. ट्रंकेची कडी मोडली होती ना, मी दहा वेळा म्हटलं, नवी बसवून आणा. बसवली नाही.

नातीला विचारलं, लस एक दुपार उघडी राहिली तर काय होतं? ती म्हणाली, दिसायला तशीच दिसते आजी. बाटलीकडे बघून काही कळत नाही. म्हटलं, माणसासारखंच की.

तेव्हा भावजी, आता गोल गोल नको. त्या दिवशी काय झालं ते लिहा. मी चौथी शिकलेली आहे, पण वाचेन.

यांची बायको


१६ मार्च

वहिनी,

ठीक आहे.

त्या दिवशी मी एका गाभण गाईसाठी पलीकडच्या वाडीला गेलो होतो. लस सकाळी आली. तो बाटल्या मोजून झाकण ठेवत होता, पट्टा हातात घेतला आणि फोन वाजला. मुलगी झाली. तो तसाच पळाला. मी संध्याकाळी परतलो. झाकण बसलेलं दिसलं. पट्टा नाही हे मी पाहिलं, वहिनी. वाटलं, कुठे पडला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा बर्फ घातला आणि लस टोचायला निघालो. एकदा त्याला विचारायला हवं होतं. तेव्हा अर्धी चूक माझीच आहे, हे मी उगाच म्हणत नाही.

चौकशी लागली तेव्हा तुमची मुलगी तीन आठवड्यांची होती. तो सांगायला निघाला होता. मीच म्हटलं, थांब, मी एकटा आहे, मला कुठेही नोकरी मिळेल, महिन्याभराने बघू. महिन्याभरात निकाल लागला. मग सांगून कुणाचं काय परत येणार होतं? तीन कळप तर नाहीच.

तो निवृत्त झाला त्या आठवड्यात कत्तलखान्याच्या फाटकाशी आला होता. माझ्या केबिनमध्ये दोन तास बसला. आम्ही सगळ्या एकोणीस जणांबद्दल बोललो, त्या एका गोष्टीबद्दल नाही. जाताना त्याने कोपऱ्यातल्या छोट्या फ्रीजचं दार दाबून पाहिलं. मला वाटलं, सवय असेल.

त्याने आणलेल्या त्या नियमामुळे किती जनावरं वाचली याची मोजदाद नाही. त्याच्या जागी मी राहिलो असतो तर मला हे जमलं नसतं. माझ्या मते सौदा वाईट झाला नाही.

त्याचा मजकूर सोबत आहे. एकशे अठ्ठ्याण्णव शब्द. डोंगर त्यात नाही. तुम्ही हो म्हणालात तर पाठवतो. माझी काळजी करू नका. माझं लिहायचं ते एक नंबरने, आणि तो जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे माझं कोणी लिहिणार नाही आणि कोणी विचारणार नाही. त्यात एक प्रकारची सोय आहे.

एकोणीस नंबर


२५ मार्च

भावजी,

मजकूर वाचला. चांगला लिहिलाय. यांची दौऱ्यावरून आल्यावर आधी गोठ्यात आणि मग घरात जायची सवय तुम्हाला कशी कळली? तिथे मी थोडी रडले. जसा आहे तसा पाठवा. तुमच्या हाताने तुम्ही यांचं वाईट लिहिणार नाही, आणि मी तसं करायलाही लावणार नाही. पाय धरणाऱ्याने हात सोडायचा नसतो.

पण दोन शब्द उरलेत ना तुमचे? मी पुष्कळ विचार केला, या दोन शब्दांत काय मावेल. काही मावत नाही. म्हणून दुसरीकडे लिहायचं ठरवलं.

मुलीला बोलावून सगळं सांगितलं. ती बराच वेळ पट्ट्याचं बक्कल उघडत-लावत बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे बाबा मला टाळत नव्हते.’ एवढंच. सत्तेचाळीस वर्षं पोरीच्या मनात ते होतं, आणि मी संशय घ्यायला बसले तो तुमच्यावर.

तुमच्यापुढचा नंबर एक. तो नाही. मग मी विचार केला, अठरा नंबर तर तुमच्या शेजारचाच, पुढचा नाही तर मागचा. तो नाही, पण त्याची बायको आहे. नियमात बायकोने लिहू नये असं कुठे आहे? विद्यापीठात फोन केला. तिथली बाई म्हणाली, आजी, आम्ही जिवंत माणसाचं छापत नाही. म्हटलं, छापू नकोस, फाईलला लाव. माझा भरवसा नाही, आधी मी गेले तर लिहिणार कोण? नक्कल तेरा नंबरला आणि सहा नंबरलाही पाठवली. तेरा नंबरला वर लिहिलं, जुन्या बाजाराचं मी खोटं बोलले.

घरच्या माणसाला विचारून लिहायचं असतं. तुमचं घरचं कोणी नाही म्हणता, म्हणून तुम्हालाच वाचायला पाठवते. बघा.

‘एकोणीस नंबर. हे अजून जिवंत आहेत, देव त्यांना ठेवो. जनावरांच्या डॉक्टरकीच्या वर्गात सगळ्यांत हुशार हेच होते असं तेरा नंबर म्हणतात, आणि त्या उगाच कोणाची स्तुती करत नाहीत. पहिली नोकरी डोंगरातल्या दवाखान्यात, दोन वर्षं. पुढे कत्तलखान्यात तपासणी आणि शिक्का, तेहतीस वर्षं. यांच्या हातून एकही आजारी जनावर शिक्का मारून बाहेर गेलं नाही, हे मी तिथल्या जुन्या माणसाला फोन करून विचारून घेतलं. तो म्हणाला, साहेब आमच्या चुका पोटात घालत, पण खराब मांस फ्रीजमध्ये घालू देत नसत. अक्षर सुंदर. पत्र थोडक्यात लिहितात, आणि त्यातही लपवतात. डोंगरातल्या सात नंबरच्या खोक्याचं झाकण एका गुरुवारी दुपारी पट्ट्याने आवळायचं राहिलं. एकशे चाळीस मेंढ्या मेल्या. चौकशीत दोष एकोणीस नंबरवर आला, कारण त्यांनी तो मागून घेतला. पट्टा त्यांच्याकडून हरवला नव्हता. तो अठरा नंबरच्या हातात होता. अठरा नंबरला त्या दिवशी मुलगी झाली होती आणि तो आनंदाने पळत सुटला होता. तो वाईट माणूस नव्हता. तो गप्प बसला, आणि मग जन्मभर दारं लावत फिरला. एकोणीस नंबर म्हणतात की अर्धी चूक त्यांची. असेल. पण त्यांनी पूर्ण घेतली. त्यांना वर्गात बर्फवाला म्हणतात आणि माझ्या घरात त्याहून वाईट म्हणत. ज्यांनी म्हटलं त्यांनी आता म्हणू नये. मागे कोणी नाही असं ते सांगतात. ते खरं नाही. मागे अठरा नंबरची बायको आहे, मुलगी आहे, आणि नात आहे. सात नंबरचा तो पट्टा आता विद्यापीठाच्या जुन्या उपकरणांच्या खोलीत ठेवला आहे. लिहिणारी चौथी शिकलेली आहे. चूकभूल देणे घेणे.’

झालं. मुलीचा वाढदिवस चौदा एप्रिलला. यंदा घरी कोणीतरी यावं असं तिला वाटतं. एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून आलात तरी चालेल.

अठरा नंबरची बायको


२ एप्रिल

वहिनी,

तेरा नंबरचा फोन आला होता. या वेळी बर्फवाला म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला नंबराने हाक मारली.

तुमचा मजकूर मी मोजला. दोनशेच्या वर जातो, आणि नियमाप्रमाणे जास्तीचे शब्द कापावे लागतात. आजवर आमच्या वर्गाने हा नियम एकदाही मोडलेला नाही.

कापू नका.

चौदाला येतो.

एकोणीस